येऊरचा नारिंगी पंखांचा पतंग: कॅटोकाला का?

निशाचर_ठाणे: येऊरला दिव्याखाली पतंग मिळाला. पुढचे पंख तपकिरी, मागचे नारिंगी, काळी किनार, मध्ये सुटा गोल काळा ठिपका. ॲप उत्तर अमेरिकेतला कॅटोकाला (पतंगांचा एक गट) सांगतंय. इथे कसा?

पानपंख: हा युडोसिमा मटेर्ना. कॅटोकालाच्या मागच्या पंखावर सहसा किनारीच्या आत आणखी एक काळा आडवा पट्टा असतो, सुटा ठिपका नाही. ठिपका वाकडा, स्वल्पविरामी असता तर युडोसिमा फॅलोनिया तपासावा लागला असता. ॲपवर विसंबू नका. मागचे पंख उघडे दिसतील असा फोटो टाका.

जीवनचक्रही वेगळं. अमेरिकेतले कॅटोकाला उन्हाळ्यात-शरदात सालीच्या भेगांत अंडी घालतात, हिवाळा अंड्यातच काढतात. वसंतात अळ्या ओक, हिकरी, विलोची कोवळी पानं खातात. वर्षाला एकच पिढी.

वेलवाली_ऐरोली: मटेर्नाची अळी शोधायची तर गुळवेलीची पानं उलटून बघा. अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असतात. पाळताना ताजी गुळवेलच द्या, विष्ठा रोज काढा. डब्यात ओल साचली की बुरशी येऊन अळ्या मरतात. कोषासाठी ती पानं रेशमाने जोडते, ती सोडवू नका. मोसंबी-संत्र्याचं नुकसान प्रौढ पतंग करतो: सोंडेने साल भोकतो, मग तिथून फळ कुजतं.

निशाचर_ठाणे: किनारीवर बारीक पांढरे ठिपकेही आहेत. मटेर्नाच!