ड्रेन बोल्टचे आटे गेले आहेत: हेलिकॉइल (स्प्रिंगसारखे तारेचे नवे आटे) बसवावे की बुश (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) करून घ्यावे?

देवगडवासी
नमस्कार. माझ्याकडे १५० सीसीची बाइक आहे. ऑइल बदलताना गॅरेजमध्ये लांब दांड्याच्या पान्याने ड्रेन बोल्ट (जुने ऑइल काढण्यासाठीचा खालचा बोल्ट) आवळला गेला आणि शेवटच्या पिळाला इंजिनच्या ऑइल चेंबरमधले आटे गेले. बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकाकती तार गुंडाळून आलेली होती. सध्या टेफ्लॉन टेप लावून तो बसवून दिला आहे, पण रात्रभरात खाली ऑइलचा डाग पडतोच. बोल्ट एम १२ (१२ मिमी व्यासाचा) असून पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, १.५ मिमी आहे. मोठ्या मापाचा बोल्ट आटे पाडत बसवावा असे एकाने सुचवले, तर वेल्डिंग करून नवे आटे पाडावेत असे दुसऱ्याचे मत आहे. इंजिन न उघडता हे काम टिकाऊ होईल का, आणि आटे पाडताना धातूचा कीस आत गेला तर काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रत्नागिरीचा फिटर
टेपवर विसंबून गाडी चालवू नका, ही माझी पहिली विनंती. टेप आट्यांची जागा घेत नाही. फोंडा घाटात बोल्ट गळून पडला तर ऑइल थेट मागच्या टायरवर येईल. मोठा बोल्ट ठोकून बसवण्याचा उपाय तात्पुरताच ठरतो, कारण तो तिरका गेला तर वॉशर सपाट टेकत नाही आणि गळती कायम राहते. वेल्डिंगच्या उष्णतेने चेंबरची सपाटी बिघडू शकते, म्हणून भेग नसताना त्या वाटेला जाऊ नये.

हेलिकॉइलने हे काम चांगले होते. त्याचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) वेगळा असतो: पिच तोच, व्यास मोठा, त्यामुळे ड्रिलही त्याच किटमधले वापरावे. टॅपच्या खाचांत भरपूर ग्रीस भरावे आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे सावकाश आटे पाडावेत. भोक तळाशी असल्याने बराचसा कीस खालीच पडतो, तरी शेवटी वरून थोडे स्वच्छ ऑइल ओतून ते वाहू द्यावे. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून चुंबकाचा येथे उपयोग नाही. कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा आत बसवावे. त्याच्या टोकाची आडवी दांडी पंचाने तोडली तर ती चेंबरमध्ये पडेल. ती बारीक नाकाच्या पक्कडीने घट्ट धरून, वरखाली वाकवून तोडावी आणि बाहेर काढावी.

मालवणहून
वरील पद्धत योग्यच आहे, मात्र आपल्याकडची खारी हवा विसरून चालणार नाही. स्टीलचे कॉइल आणि ॲल्युमिनियमचे चेंबर यांच्यामध्ये खारट ओल शिरली की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपात झिजू लागते. किनाऱ्यावरच्या गाड्यांचे कव्हरचे बोल्ट जाम होतात तेही बहुतेक याच कारणाने. म्हणून कॉइल बसवताना नव्या आट्यांना झिंक क्रोमेट प्रायमरचा पातळ हात द्यावा आणि तो ओला असतानाच कॉइल फिरवावे. ड्रेन बोल्ट वारंवार उघडावा लागतो, त्यामुळे माझा स्वतःचा कल कॉलर असलेल्या अखंड स्टील बुशकडे आहे. पण त्यासाठी भोकाभोवती पुरेसे जाड ॲल्युमिनियम असायला हवे.

देवगडवासी
भोकाभोवतीची भिंत फारशी जाड दिसत नाही, तेव्हा हेलिकॉइलच करून घेतो. बोल्ट किती आवळावा?

रत्नागिरीचा फिटर
आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. या मापाच्या ड्रेन बोल्टसाठी तो बहुधा २५ ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) वापरावा आणि वॉशर दरवेळी नवा घालावा. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लागलेले असेल तर तेवढ्याच जोराने बोल्ट अधिक ताणला जातो, त्यामुळे आकड्याच्या खालच्या बाजूलाच थांबावे. इंजिन गरम करून, बंद केल्यावर बोल्टाभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा. तो कोरडा राहिला तर काम झाले.