शब्दचर्चा: नॅचेझच्या कापूसबाजाराला मराठी शब्द

विचारणा

अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. गृहयुद्धाआधीचा काळ, कापूस आणि माणसांचा बाजार हा विषय. माहिती जमली आहे, पण शब्दांशी अडते आहे. 'प्लँटेशन'ला मळा म्हणावं का? 'प्लँटर'ला बागायतदार? 'ओव्हरसियर', 'ड्रायव्हर', 'फॅक्टर', 'कॉफल' यांचं काय करावं? हवेलीत राबणाऱ्यांना त्या काळच्या कागदांत 'सर्व्हंट' म्हटलं आहे, तिथे मी सध्या 'नोकर' लिहिलंय. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद

ताई, सुरुवात 'नोकर'पासून करते, कारण तो शब्द आधी काढायला हवा. नोकराला पगार असतो आणि नोकरी सोडायची मुभा असते. 'मोलकरीण' तर नकोच नको, त्या शब्दात 'मोल' म्हणजे कामाचा मोबदला बसलेला आहे. 'मजूर' म्हटलं की मजुरी आली, 'शेतमजूर' म्हटलं की रोज आला. नॅचेझच्या हवेल्यांतली माणसं 'सर्व्हंट' ठरली ती मालकांच्या सोयीसाठी. पाहुण्यांसमोर 'स्लेव्ह' म्हणणं त्यांना अप्रशस्त वाटे. आपण 'नोकर' लिहिलं तर मालकांची ती सारवासारव दीडशे वर्षांनी मराठीत पुन्हा करून ठेवू. 'घरात राबणारे गुलाम' असं सरळ लिहा.

'वेठबिगार'ही चालणार नाही. वेठ धरलेला माणूस फुकट राबतो, पण त्याला बाजारात उभं करून विकत नाहीत. विक्रीच्या अंगाने सगळ्यात जवळचे आपले शब्द म्हणजे पेशवाईतल्या कागदांतले 'कुणबीण' आणि 'बटीक'. त्या बायकांची खरेदी-विक्री होई, किंमत लिहिली जाई. तरीही ते इथे वापरू नयेत. ते फक्त बायकांचे शब्द आहेत आणि त्यांच्यामागे आपल्याकडच्या जातीचं नि वाड्यांचं जग उभं राहतं. नॅचेझमधली बाई 'बटीक' झाली की वाचक पुण्यात पोचतो.

राहतो 'गुलाम'. हा शब्द मराठीत अमेरिकेशी जोडला जाऊनही फार वर्षं झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली तीच मुळी तिथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. त्यामुळे शब्द बदलायचं कारण नाही. मात्र वाक्य कसं बांधता ते बघा. अब्दुल रहमान इब्राहिमा हा पश्चिम आफ्रिकेतल्या फुता जालोनमधला फुलानी राजपुत्र. शिकलेला, फौजेचं नेतृत्व केलेला. लढाईत पकडला गेला आणि १७८८ साली नॅचेझला थॉमस फॉस्टरला विकला गेला. तिथे तो चाळीस वर्षं राबला. १८०७ मध्ये त्याला जॉन कॉक्स नावाचा डॉक्टर भेटला. हा डॉक्टर तरुणपणी आफ्रिकेत आजारी पडला असताना त्याला इब्राहिमाच्या वडिलांनी आसरा दिला होता. कॉक्सने सोडवायचा प्रयत्न केला, पण फॉस्टर विकायला तयार होईना. सुटका झाली १८२८ साली, आणि पुढच्याच वर्षी लायबेरियात त्याचा मृत्यू झाला. या माणसाबद्दल 'तो फॉस्टरचा गुलाम होता' एवढंच लिहिलं तर ती त्याची जन्मजात ओळख वाटते. 'फॉस्टरने त्याला गुलाम म्हणून विकत घेतलं', 'चाळीस वर्षं गुलामीत ठेवलं' असं लिहिलं की करणारा समोर येतो. मराठीत हे सहज जमतं, त्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही.

आता मळा. चहाचे मळे आपण म्हणतोच, म्हणून 'मळा' अगदी चूक नाही. पण मळा म्हटलं की डोळ्यांपुढे विहीर, मोट, भाजीपाला येतो, फार तर ऊस. शेकडो माणसं घंटेवर उठवून सूर्य मावळेपर्यंत राबवणारी ती व्यवस्था या शब्दात मावत नाही. 'बागायतदार' तर आपल्याकडे द्राक्षवाला किंवा आंबेवाला. इतिहासकार साधारण वीस किंवा त्याहून जास्त गुलाम ज्याच्या मालकीचे त्याला प्लँटर म्हणतात. म्हणजे हा शब्द जमिनीवरून ठरत नाही, माणसांच्या मालकीवरून ठरतो. माझं मत: 'प्लँटेशन' आणि 'प्लँटर' देवनागरीत तसेच ठेवा, पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात समजावून सांगा. आणखी एक गोष्ट लेखात जरूर यावी. नॅचेझचे बडे प्लँटर राहायचे गावात, उंच कड्यावरच्या हवेल्यांत, आणि त्यांची कित्येक प्लँटेशनं नदीपलीकडे, लुइझियानाच्या सखल गाळाच्या जमिनीत. 'मळ्यातला बंगला' असं चित्र वाचकाच्या मनात उभं राहू देऊ नका.

'ओव्हरसियर' मात्र तसाच ठेवू नका. मराठी वाचकाला ओव्हरसियर म्हणजे रस्त्याच्या नाहीतर पाटबंधाऱ्याच्या कामावरचा सरकारी माणूस. 'मुकादम' लिहा. 'ड्रायव्हर' गाडीवाला वाटेल. तो बहुधा गुलामांपैकीच एक असे, टोळी हाकायला नेमलेला. 'टोळीनाईक' कसा वाटतो?

प्रतिसाद, यवतमाळहून

'कापसाचा मळा' असं कुठं छापून आलं तर आमच्याकडं लोक हसतील. कापूस मळ्यात नसतो, पऱ्हाटीचं वावर असते. कापसाच्या बाजूचे शब्द इंग्रजीतून आणायची गरजच नाही, सगळे घरचे आहेत: बोंड, वेचणी, सरकी, रुई, गाठ. 'जिन' तर तुमच्या विषयातलाच. एंजिनचा तोकडा होऊन जिन झाला, आणि आम्ही अजून 'कापूस जिनात टाकला' म्हणतो. १७९३ मध्ये व्हिटनीनं ते यंत्र काढलं, तेव्हापासून आखूड धाग्याच्या कापसाची चिकट सरकी झपाट्यानं निघू लागली. तोवर नॅचेझवाले तंबाखू आणि नीळ करायचे. दोनचार वर्षांत कापसावर आले.

तिथली गाठ साधारण ४०० पौंडांची, म्हणजे १८० किलोच्या आसपास. आपली आज १७० किलोची. गाठीत फार फरक नाही. काट्यात आहे. आमच्याकडं वेचणीवाल्या बाया संध्याकाळी गाठोडं काट्यावर ठेवतात अन् किलोच्या हिशेबानं पैसे घेतात. तिथंही संध्याकाळी प्रत्येकाची टोपली तोलत, पण वजन कमी भरलं तर फटके. म्हणून 'वेचणी' शब्द बेलाशक वापरा, 'वेचणीवाली' वापरताना मात्र हे सांगा.

प्रतिसाद

'फॅक्टर'साठी 'अडत्या' चपखल बसतो. ईस्ट इंडिया कंपनीचा फॅक्टर वखारीत बसायचा म्हणून काही भाषांतरांत 'वखारवाला' दिसतं. इथे ते नको. नॅचेझच्या प्लँटरचा फॅक्टर बहुधा न्यू ऑर्लिन्सला असे. माल विकून तो सुमारे अडीच टक्के अडत कापे, आणि पुढच्या पिकावर आगाऊ उचल देई. तारण म्हणून जमीन असे, तशी माणसंही असत. मागच्या पिकाचा पैसा पुढच्या वर्षीच्या खरेदीत जाई, आणि त्या खरेदीत जमीन नि माणसं दोन्ही असत. 'गहाण' शब्द माणसांसाठी वापरताना हात थबकतो, पण तोच खरा शब्द आहे. सौम्य करू नये.

प्रतिसाद, पणजीहून

'कॉफल'बद्दल. हा शब्द अरबी 'काफिला'वरून आलेला आहे, म्हणजे आपल्या 'काफिला'चा सख्खा भाऊ. गोव्याच्या इतिहासात पोर्तुगीज गलबतांच्या संरक्षणात खंबायतेकडे जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या तांड्यालाही 'काफिला'च म्हणत. तरी 'कॉफल'चं भाषांतर 'काफिला' करू नये असं मला कळकळीने वाटतं. आज मराठीत काफिला म्हणजे मंत्र्यांच्या गाड्या किंवा गझलेतले वाटसरू.

कॉफल म्हणजे काय होतं ते बघा. १८०८ पासून आफ्रिकेतून माणसं आणायला कायद्याने बंदी आली. मग व्हर्जिनिया, मेरिलँडकडची माणसं दक्षिणेत विकायचा देशांतर्गत धंदा फोफावला. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसं अशी हलवली गेली. फ्रँकलिन अँड आर्मफील्ड ही अलेक्झांड्रियाची पेढी त्यात सगळ्यात मोठ्यांपैकी. काहींना ते जहाजाने न्यू ऑर्लिन्सला पाठवत, काहींना पायी. पुरुष दोघादोघांनी हातकड्यांत, सगळ्यांमधून एक लांब साखळी, बायकामुलं मागून, आणि नॅचेझपर्यंत हजारएक मैल चाल. याला 'साखळदंडातली रांग' म्हणा. लांब वाटेल, पण वाचकाला साखळी दिसेल.

विचारणा करणारीकडून

मनापासून आभार. 'नोकर' काढला. आता दोन नव्या अडचणी. बाजाराच्या वर्णनात मी 'लिलाव' लिहिलंय, ते बरोबर ना? आणि 'सोल्ड डाऊन द रिव्हर' या वाक्प्रचाराला काय करू?

प्रतिसाद

लिलाव नाही! हे बरं झालं विचारलंत. गुलामांचा बाजार म्हटलं की चौथरा, हातोडा आणि बोली हेच चित्र येतं, पण नॅचेझच्या 'फोर्क्स ऑफ द रोड' या बाजारात तसं नव्हतं. तिथे एकेका माणसाचा घासाघीस करून भाव ठरे. शब्द 'सौदा'.

हा बाजार गावाच्या वेशीबाहेर का गेला तेही लिहा. १८३३ मध्ये त्याच फ्रँकलिन पेढीच्या आयझॅक फ्रँकलिनच्या ताब्यातली माणसं कॉलऱ्याने मेली, आणि त्यांची प्रेतं एका ओघळीत उथळ पुरलेली सापडली. गावकरी खवळले ते रोगाच्या भीतीने. बाहेरून माणसं आणणाऱ्या व्यापाऱ्यांना गावात विक्री करायला मनाई झाली आणि त्यांनी पूर्वेकडच्या तिठ्यावर बस्तान हलवलं. न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल त्या भागातला मोठा बाजार तिथेच भरू लागला. १८३० च्या दशकात तिथे गेलेल्या एका प्रवाशाने चाळीसेक माणसं अंगणात अर्धवर्तुळात उभी पाहिली. एका टोकाला सर्वांत उंच पुरुष, दुसऱ्या टोकाला दहाएक वर्षांचा मुलगा, सगळ्यांना काळ्या हॅट आणि कॉर्डरॉयचे नवे कपडे. विकायच्या दिवशीचे कपडे. गिऱ्हाईक रांगेतून हिंडे, हात बघे, दात बघे, प्रश्न विचारी. 'बोली लागली' लिहिलंत तर हे सगळं पुसलं जाईल.

शेवटही तुमच्याकडे असेलच: जुलै १८६३ मध्ये केंद्राच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजा गावात आल्या, आणि त्या बाजाराची खुराडी कृष्णवर्णीय सैनिकांनीच पाडली. लाकूड छावणीला वापरलं. खुराडी म्हणजे 'पेन'. 'कोठी' किंवा 'गोठा' लिहू नका. गोठ्यातल्या गुरांना आपल्याकडे प्रेमाने वागवतात.

'सोल्ड डाऊन द रिव्हर'चं आजच्या बोलण्यात 'दगा दिला' ठीक आहे. पण १८४० च्या केंटकीतली बाई ते म्हणते तेव्हा तिचा मुलगा खरोखर ओहायो आणि मिसिसिपीवरून नॅचेझकडे नेऊन विकला जाणार असतो. 'नदीखाली' लिहिलं तर पाण्याखाली असा अर्थ होतो. 'नदीच्या खालच्या अंगाला विकला' लिहा. गावोगाव अजून 'वरच्या अंगाला, खालच्या अंगाला' असंच बोलतात.

प्रतिसाद

एक राहिलं. विल्यम जॉन्सन लेखात असेल तर त्याला 'न्हावी' म्हणू नका. जन्मतः गुलाम, १८२० मध्ये मुक्त झालेला हा माणूस नॅचेझमध्ये केशकर्तनाची दुकानं चालवायचा, १८३५ पासून १८५१ मध्ये त्याचा खून होईपर्यंत रोजनिशी लिहायचा, आणि त्याच्या स्वतःच्या मालकीचे गुलामही होते. 'न्हावी' म्हटलं की मराठीत जात ऐकू येते आणि वाचक त्याची गुंतागुंत आपल्या खाचेत बसवून मोकळा होतो. 'केशकर्तनकार' थोडा शहरी वाटतो, पण चालेल. आणि 'फ्री मॅन ऑफ कलर'ला 'स्वतंत्र' नको, 'मुक्त कृष्णवर्णीय' बरा. मताधिकार नाही, गोऱ्याविरुद्ध कोर्टात साक्ष देता येत नाही, अशा माणसाला स्वतंत्र कसं म्हणायचं? त्याचा खून करणारा सुटला, कारण मारेकरी गोरा की कृष्णवर्णीय यावरच कोर्टात वाद झाला आणि ज्यांनी पाहिलं होतं ते साक्षीदार कृष्णवर्णीय होते.