हवामानासाठी मतं मागायची तर बसथांब्यावर मागा

चेंबूरकर:
मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला आणि त्याच महिन्यात महापालिकेची मुदत संपली. २०५० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेण्याचं, वचन कागदावर, पण जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. आता आहे. त्याच्याकडे पहिली मागणी बसची करावी, असं माझं ठाम मत आहे. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. एवढं देऊनही थांब्यावर ताटकळावं लागलं की माणूस हप्त्यावर स्कूटर घेतो. ती दारात आली की ‘पेट्रोल स्वस्त करू’ म्हणणाऱ्याच्याच मागे तो जातो. तेल कंपन्यांचा मतदार असा आपणच घडवतो.

परळकर:
नाही पटत. खरा प्रश्न पैशाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी द्यायचे निवडणूक रोखे रद्द केले, देणगीदारांची यादी उघड झाली, तिच्यात खाण आणि वीज कंपन्याही होत्या. कोळशावरचा उपकर बघा. २०१० मध्ये टनाला ५० रुपये, २०१६ मध्ये ४००. सुरू केला स्वच्छ ऊर्जेसाठी, २०१७ मध्ये वळवला जीएसटीमुळे राज्यांना होणाऱ्या तोट्याच्या भरपाईकडे. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. तुमच्या बसने हे कसं थांबणार?

चेंबूरकर:
उपकर वळवला तेव्हा लोकांनी हूं की चूं केलं नाही, कारण त्या पैशाची बस कुणाच्या थांब्यावर आलीच नव्हती. आली असती तर तिला हात लावायची कुठल्या पक्षाची छाती होती?

चंद्रपूरची:
मी अंधेरीत राहते, भाऊ कोळसा खाणीत आहे. तुम्ही ‘कोळसा बंद’ म्हणता, आमच्या घरात ‘पगार बंद’ ऐकू येतं. युनियनशी न बोलता घोषणा द्याल तर कामगार कंपनीच्याच बाजूने उभा राहील. त्याला कुणी फूस लावायची गरज नाही. त्याच्या मुलाला कुठलं काम, कुठल्या गावात, किती पगाराचं, एवढं आधी सांगा.

चेंबूरकर:
ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ट्रॉम्बेत अजून कोळशावर वीज तयार होते, तिथले कामगार आमच्या आसपासच राहतात. नगरसेवकाआधी त्यांच्याकडे जायला हवं.

परळकर:
जरूर जा. पण नगरसेवकाकडे गेलात की त्याच्या पक्षाच्या देणगीदारांची यादीही मागा.