प्रतिसाद: आठ दिवसांची शिबिरं

वरती एकानं लिहिलंय की परदेशी डॉक्टर नेपाळात, आफ्रिकेत आठ दिवस जातात, मोतीबिंदू काढतात, फोटो काढतात आणि परत, उपयोग काय. भावा, निम्मं पटलं. पण मोतीबिंदूचं कसंय, ढगाळलेलं भिंग काढून आत लेन्स बसली की मुख्य काम झालं, जन्मभराची गोळी नाही, त्यामुळं आठ दिवसांतही माणसं खरंच बघती होतात. आणि सगळं गोऱ्यांनीच केलंय असंही नाही. नेपाळचेच डोळ्यांचे डॉक्टर सांडुक रुईत यांनी तिथं बिनटाक्याची स्वस्त पद्धत रुजवली, १९९४ ला काठमांडूत तिलगंगा हे डोळ्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं, तिथंच लेन्स बनायला लागल्या, आणि अमेरिकेचे डोळ्यांचे डॉक्टर जेफ्री टॅबिन रुईत यांच्याकडं शिकायला गेले (उलटी गंगा!). मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयवाल्यांनी तर १९९२ लाच ऑरोलॅब हा लेन्सचा कारखाना काढून लेन्सच्या किमती पार खाली आणल्या.

घोळ असतो तो नंतर. आमच्या राधानगरीकडच्या आत्तीचं शिबिरातच झालं, पट्टी काढल्या काढल्या तिनं सुनेला कळकट पातेल्यावरनं झापलं, पण ड्रॉप्स दिवसातनं चार-चारदा घालणार कोण, सगळी भांगलायला रानात! शेवटी शेजारची पोरगी शाळेतनं आली की घालायची. शिवाय काहींना पुढं लेन्समागचा पातळ पापुद्रा धुरकट होतो, त्याला लेसर लागतो, तोवर शिबिरवाले कधीच गेलेले. म्हणून देणगी मागायला कोण आलं की मी आधी विचारतो, तुम्ही गेल्यावर तिथं तपासणार कोण, आणि तिथला डॉक्टर शिकवून तयार केला का.