केरासचं कुलूप उघडलं म्हणे. कुठलं?

उंबरठा:
कालच्या धाग्यात एकांनी लिहिलंय, "केरासवर औषध लागू पडत नाही हे चाळीस वर्षांचं रडगाणं २०२१ मध्ये सोटोरासिब आल्यावर संपलं, आता फक्त किंमत उतरायची वाट बघायची." वाचून राहवेना. केरास म्हणजे पेशीला वाढायचा इशारा देणारं प्रथिन, ते बिघडलं की कॅन्सर; सोटोरासिब ही त्यावरची गोळी. उघडलं ते एकाच म्युटेशनचं दार, जी१२सीचं. बाराव्या जागी ग्लायसीन हे अमिनो आम्ल जाऊन सिस्टीन आलं म्हणून औषधाला धरायला गंधक मिळालं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा जी१२डी नाहीतर जी१२व्ही असतं. तिथे सिस्टीनच नाही, मग धरणार कशाला? आणि फुप्फुसात तरी काय पदरात पडलं? कोडब्रेक २०० या चाचणीत ३४५ रुग्ण होते. आजार न वाढता गेलेला काळ डोसिटॅक्सेल या केमोवर ४.५ महिने, सोटोरासिबवर ५.६. एकूण आयुष्य वाढलं नाही. याला प्रश्न सुटला म्हणायचं?

कृष्णाकाठ:
उंबरठा, आकडे बरोबर, पण ज्यावर राग काढताय ते काम मुळात किती अवघड होतं ते बघा. कायनेज नावाच्या एन्झाइममध्ये एटीपी या ऊर्जेच्या रेणूच्या जागी औषधाला घुसता येतं, कारण तिथली पकड मायक्रोमोलर, म्हणजे सैल, असते. केरास जीटीपीला, म्हणजे त्याला चालू ठेवणाऱ्या रेणूला, पिकोमोलर, म्हणजे कितीतरी घट्ट, पकडीनं धरतं, आणि पेशीत जीटीपी अर्धा मिलिमोलर तरी असतंच. त्या खाचेत स्पर्धा करून कुणी जिंकणं शक्य नव्हतं. मग केरासला पेशीच्या पडद्याला चिकटायची शेपटी लावणारं एन्झाइम, फार्नेसिल ट्रान्सफरेज, अडवून बघितलं. केरासनं दुसरीच, जेरानिलजेरानिलची शेपटी लावून घेतली आणि पडद्याला चिकटून राहिलं. २०१३ मध्ये केव्हन शोकाट या संशोधकाच्या गटाला केरासच्या स्विच-२ या भागाखाली खाच सापडली, ती जीडीपी, म्हणजे तुटलेलं जीटीपी, धरलेल्या बंद रूपात. जी१२सी थोडंफार जीटीपी तोडतं, म्हणून फिरून फिरून त्या रूपात येतं आणि तिथेच अडकवता येतं. खाच सापडणं हीच मोठी गोष्ट आहे. तिला किरकोळ म्हणू नका.

पेशीकेंद्र:
त्यात एक भर. औषध जीडीपी धरलेल्या रूपावरच बसतं हे समजलं नाही की प्रयोगच फसतो. प्रथिनावर जीटीपीसारखा न तुटणारा रेणू चढवून इन्हिबिटर टाकला, तर काहीच दिसत नाही, आणि लोक रेणू वाईट म्हणून फेकून देतात. आधी ईडीटीए घालून मॅग्नेशियम काढा, जीडीपी भरा, पुन्हा मॅग्नेशियम द्या, मग रेणूचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर बघा. सोटोरासिब जोडलं गेलं तर शिखर सुमारे ५६० डाल्टननं पुढे सरकतं. पेशींत मात्र दोन-चार तासांचा ब्लॉट (प्रथिन दाखवणारी पट्टी) बघून खूश होऊ नका. फॉस्फो-एर्क, म्हणजे केरासचा इशारा चालू असल्याची खूण, पडतो आणि ४८-७२ तासांत परत वर येतो, कारण वरून ईजीएफआरसारखे रिसेप्टर जोर लावतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर अडवणारं पॅनिट्युमुमॅब जोडावं लागलं ते याचसाठी.

वेलांटी:
सगळे खाचेतच अडकलेत. डोसबद्दल कुणी बोलणार आहे का? १२० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या रोज, ९६० मिलिग्रॅम! १८० पासून ९६० पर्यंत रक्तातली पातळी जवळपास सारखीच राहते. मग रुग्णाच्या यकृतावर आणि खिशावर हा बोजा का? आपल्या टाटा मेमोरियलनं डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन दाखवलं. वर्षभरानं जिवंत असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. इथे तसं का नको?

कृष्णाकाठ:
वेलांटी, ही तुलना चुकीची आहे. निव्होलुमॅब अँटिबॉडी आहे, थोड्या मात्रेतही रिसेप्टर भरून जातात. सोटोरासिबचं दुखणं आतड्यातल्या विद्राव्यतेचं. पातळी सारखी राहते ती जास्तीचं विरघळतच नाही म्हणून. कारण वेगळं, तर उपायही वेगळा.

वेलांटी:
मग जे विरघळतच नाही ते गिळायला का लावायचं? माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकानं, एफडीएनंच, २४० आणि ९६० ची तुलना करून मागितली होती.

कृष्णाकाठ:
तुलना झाली. गाठ आक्रसण्याचं प्रमाण २४० वर २४.८ टक्के, ९६० वर ३२.७. एफडीएनं ९६० कायम ठेवलं. "सिद्ध केलात" वगैरे भाषा जरा आवरा. आकडे पुढे ठेवून भांडा.

उंबरठा:
धागा माझा आहे आणि चर्चा गोळ्यांवर गेलीय, पण वेलांटींचं ऐकून घ्या. त्या फरकासाठी चौपट औषध, हा प्रश्न रास्त आहे. आणि एफडीएचा दाखला देताय तर पूर्ण द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्याच सल्लागार समितीनं १० विरुद्ध २ मतांनी सांगितलं की कोडब्रेक २०० मधल्या त्या ५.६ महिन्यांवर भरवसा ठेवता येत नाही. डोसिटॅक्सेलच्या गटातले बरेच जण औषध सुरू व्हायच्या आधीच बाहेर पडले होते.

कृष्णाकाठ:
ते मान्य. चाचणी ढिसाळ झाली. रेणू ढिसाळ नव्हता, एवढंच माझं म्हणणं. सिस्टीनशिवाय पकड नाही हेही आता पूर्ण खरं नाही. डॅराक्सॉनरासिब हे दुसरं औषध आधी पेशीतल्या सायक्लोफिलिन ए या प्रथिनाला चिकटतं आणि ती जोडी जीटीपी धरलेल्या केरासवर बसते. जी१२डीसुद्धा त्यात येतं.

उंबरठा:
हं. ते मी धरलं नव्हतं. पण ती जोडी निरोगी रासवरही, म्हणजे केरासच्या कुटुंबातल्या न बिघडलेल्या प्रथिनांवरही, बसते. पुरळ, तोंड येणं त्यातूनच. दार उघडलं असेल, पण शेजारच्या घराचंही.

पेशीकेंद्र:
डोसचं भांडण चालू ठेवा, पण रोज घडणारी चूक वेगळीच आहे. आपल्याकडे सकाळी रिकाम्या पोटी ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल घेणारे घरोघरी आहेत. पोटातलं आम्ल कमी झालं की सोटोरासिब विरघळत नाही. तशाच ओमेप्राझोलसोबत रक्तातली एकूण मात्रा निम्म्याच्या आसपास उतरते. मग ९६० लिहा नाहीतर २४०. ॲसिडिटीसाठी काही घ्यावंच लागलं तर साधं अँटासिड, आणि सोटोरासिब त्याच्या चार तास आधी किंवा दहा तासांनंतर. गिळता येत नसेल तर गोळ्या १२० मिलिलिटर साध्या पाण्यात विरघळवा, कुटू नका, सोडा नको, आणि दोन तासांच्या आत पिऊन टाका.

वेलांटी:
हे आठ गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत छापायला हवं. डोसवरचं माझं मत तेच आहे.