टाळूचं एक्सफोलिएशन (मेलेल्या पेशींचा थर काढणं): साखरेचा स्क्रब की सॅलिसिलिक?

बटमोगरा
केस खांद्यापर्यंत, सरळ, रंग किंवा केराटिन काही केलेलं नाही. आठवड्यातून दोनदा रात्री खोबरेल, सकाळी शॅम्पू. पाणी बोअरचं. धुतल्याच्या दुसऱ्याच दिवशी भांगात नख फिरवलं की राखाडी मळ येतो. खाज बेताची, लाली नाही, जखम नाही.

घरी साखर-कॉफीचा स्क्रब करावा की सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं तयार सिरम आणावं? केस धुण्याआधी की नंतर? किती दिवसांनी? आणि तेलाचं काय करायचं?

साडेपाच पीएच
आधी तो नखातला मळ दोन बोटांत चोळून बघा. मेणासारखा पसरला तर ते तेल, घाम, मेलेल्या पेशी आणि शॅम्पू-कंडिशनरचा उरलेला थर. कोरडी पूड होऊन झडला तर टाळू कोरडी आहे, तिला घासू नका. जाड चंदेरी खपली निघाली आणि खाली लाल दिसलं तर हा धागा बंद करून त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आणि पांढरा ठिपका केसालाच घट्ट चिकटलेला असेल, ओढूनही सरकत नसेल, तर ती लीख आहे. तिथे स्क्रबचं काही काम नाही.

मेणचट असेल तर सॅलिसिलिक, २ टक्के. ते तेलात विरघळतं, म्हणून केसाच्या मुळाशी साठलेल्या तेलात शिरतं आणि मेलेल्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतं. ग्लायकोलिक हे तसंच दुसरं अ‍ॅसिड, पण पाण्यात विरघळणारं, त्यामुळे तेलकट थरावर त्याचा तेवढा जोर चालत नाही.

करायचं असं:
टाळू ओली नको, आदल्या रात्रीचं तेलही नको. फणीच्या शेपटीने भांग पाडत जा, दोन भांगांत साधारण बोटभर अंतर. प्रत्येक भांगावर थेंब सोडायचे, केसांवर नाही. सगळ्या डोक्याला ४-५ मिली पुरतं. मग बोटांच्या पेरांनी दोन मिनिटं हलकं फिरवा, नखं अजिबात नकोत. पहिल्या वेळी ५ मिनिटं, त्रास नसेल तर पुढे १० मिनिटं. बाटलीवर वेगळी वेळ असेल तर ती पाळा. नंतर कोमट पाण्याने मिनिटभर नुसतंच भिजवा आणि शॅम्पू दोनदा लावा. पहिल्या वेळी फेस येत नाही, तो दुसऱ्या वेळी येतो. कंडिशनर कानाच्या खाली.

आठवड्यातून एकदा, बस. त्याहून जास्त केलं की टाळू ओढल्यासारखी होते, चुरचुरते आणि बारीक पापुद्रे सुटतात. मग तो कोंडाच वाटतो आणि माणूस आणखी घासतो.

वस्त्रगाळ
कॉफीचं मात्र विसरा. साखर निदान पाण्यात विरघळून जाते, कॉफीचा चोथा विरघळत नाही. दाट केसांत तो दोन धुण्यांनंतरही कंगव्यात येत राहतो. शिवाय ओला केस फुगलेला असतो, त्यावर कण घासले की वरचा थर खरवडला जातो.

शिकेकाई-रिठ्याची पूड 'नैसर्गिक स्क्रब' म्हणून टाळूवर चोळणाऱ्यांनाही हेच. मळ काढतो तो रिठ्यातला फेस, भरड कण नव्हे. दोन चमचे पूड एक पेला पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पाचेक मिनिटं उकळा, मलमलच्या फडक्यातून गाळा आणि ते पाणी वापरा. डोळे घट्ट मिटून, रिठा फार झोंबतो.

कोरफड
आणि दही-लिंबू?

साडेपाच पीएच
लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप; ७ मधोमध, त्याखाली आम्ल) २ च्या आसपास. खाजवून ओरखडे पडलेल्या टाळूवर आग होणार, आणि कपाळावर ओघळून उन्हात गेलात तर काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा उलट्या टोकाला, ८ च्या वर. त्याने केस राठ होतात. दह्यात लॅक्टिक अ‍ॅसिड असतं खरं, पण थोडं. नीट धुतलं गेलं नाही तर वास तेवढा राहतो. कढी करा त्याची.

फणीवाली
मूळ घोळ रात्रभराच्या तेलात असावा. टाळूवर मॅलेसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच असते आणि ती जगते तेलावर. तेलातली काही आम्लं ती खाते, उरलेल्यांनी टाळूला खाज सुटते. म्हणजे खाज येते म्हणून तेल घालायचं आणि तेल घातलं म्हणून खाज, असा फेरा. खोबरेल लांबीला लावा, धुण्याआधी तासभर, मुळांना नको.

बोअरच्या पाण्यात डोक्याला साबण लावत असाल तर तो आधी थांबवा. जड पाणी आणि साबण मिळून जो चिकटा बसतो, तो अशाच राखाडी थरासारखा दिसतो. शॅम्पूने तो फार कमी होतो. ईडीटीए (जड पाण्यातले क्षार धरून ठेवणारं रसायन) असलेला क्लॅरिफायिंग, म्हणजे साठलेला थर काढणारा शॅम्पू महिन्यातून एकदा-दोनदा पुरे, पण सॅलिसिलिकच्या दिवशी नको.

मऊ सिलिकॉनचा ब्रश माझ्या मते चालतो, शॅम्पूच्या फेसातच आणि गोल न फिरवता. गोल फिरवलं की लांब केसांचा गुंता होतो. ब्रश बाथरूममध्ये ओला पडू देऊ नका.

खपली
एक राहिलं. एक्सफोलिएशन हा कोंड्याच्या मुळावरचा उपचार नाही. खाज आणि तेलकट पिवळट पापुद्रे भुवया, नाकाच्या कडा इथेही असतील तर सेबोऱ्हिक डर्मटायटिस (तेलकट भागातला त्वचेचा दाह) असू शकतो. त्यावर केटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा २ टक्के शॅम्पू लागतो: आठवड्यातून दोनदा, टाळूवर ३ ते ५ मिनिटं ठेवून, २ ते ४ आठवडे. लोक लावल्या लावल्या धुतात आणि गुण येत नाही म्हणतात.

सोरायसिसची (जाड चंदेरी खपल्यांच्या त्वचारोगाची) खपली खरवडू नये, खरवडलेल्या जागी नवे चट्टे उठतात. त्यावर कॅल्सिपोट्रिऑल चालू असेल तर सॅलिसिलिक सोबत लावू नका, आम्लाने ते औषध निकामी होतं. मिनॉक्सिडिल (केस वाढीचं औषध) लावणाऱ्यांनी त्या दिवशी ते वगळलेलं बरं, सोललेल्या टाळूतून जास्त शोषलं जातं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर सॅलिसिलिक नको. गरोदर बाईने आधी डॉक्टरांना विचारावं, लहान मुलांना परस्पर लावू नये.

बटमोगरा
चोळून बघितलं, मेणासारखा पसरतोय. भुवया-नाक स्वच्छ. साबण नाही, पण कंडिशनर मुळापासून लावला जातो.

साडेपाच पीएच
मग आधी दोन आठवडे फक्त तेल आणि कंडिशनर मुळांपासून दूर ठेवा, दर धुण्याला शॅम्पू दोनदा लावा. तेवढ्यावर थर गेला तर सिरमचे पैसे वाचले. नाही गेला तर कानामागे एक थेंब लावून ४८ तास बघा आणि मगच डोक्याला.