'एकनिष्ठ शिलेदार' म्हणावं का? शाहू-ताराबाईंच्या यादवीतले काही शब्द

प्रश्न

एका दिवाळी अंकाची प्रुफं तपासतेय. लेख १७०७ नंतरच्या शाहू-ताराबाई संघर्षावर, म्हणजे संभाजी महाराजांचे पुत्र शाहू आणि राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांच्यातल्या गादीच्या भांडणावर आहे. त्यात हे वाक्य आलंय: 'खेडच्या लढाईत शाहू महाराजांचे एकनिष्ठ शिलेदार धनाजी जाधव यांनी यशस्वी मुलूखगिरी केली.' व्याकरण ठीक आहे, पण कानाला काहीतरी खटकतंय. शिलेदार म्हणजे खंदा, विश्वासू माणूस असाच अर्थ आहे ना? शिवाय लेखकाने या लढ्याला एका ठिकाणी 'यादवी' आणि दुसऱ्या ठिकाणी 'भाऊबंदकी' म्हटलंय. एकच ठेवायचा तर कोणता?

प्रतिसाद

ताई, तुमच्या कानाला खटकलं ते अगदी बरोबर आहे. या वाक्यात तीन शब्द अडतात, आणि सगळ्यात जास्त अडतो तो 'शिलेदार'.

मूळ फारसी शब्द 'सिलाहदार', म्हणजे हत्यार बाळगणारा. मराठी लष्करात तो नेमक्या अर्थाने रुळला: स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा स्वार. त्याची जोडी 'बारगीर'शी. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा, घोडा आणि हत्यार दोन्ही सरकारची. सभासदाच्या बखरीत या पागेची रचना दिलीय: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. मला ही शेवटची ओळ फार आवडते. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा मोजून दिलाय, म्हणजे हे घोडदळ कुणाच्या मर्जीवर चालत नव्हतं, पागेच्या हिशेबावर चालत होतं. शिवाजी महाराजांच्या काळात शिलेदारही पागेच्या हुकमात असत.

ही घडी जिंजीच्या काळात विस्कटली. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात, तिजोरी रिकामी, औरंगजेब महाराष्ट्रात ठाण मांडून. तेव्हा सरदारांनी आपापल्या हिमतीवर पथकं उभी केली आणि बदल्यात त्यांना वतनं, सरंजाम (फौज पोसण्यासाठी दिलेला मुलखाचा महसूल) मिळाले. त्याशिवाय राज्य वाचलंच नसतं. पण घोडे आता सरदारांचे झाले होते, आणि ज्याचा घोडा त्याच्या हाती लगाम.

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला. मे महिन्यात त्याचा मुलगा आझमशाह याने शाहू महाराजांना मोगली कैदेतून सोडलं. ते नर्मदा उतरून खानदेशात आले तेव्हा त्यांच्यामागे फौज अशी नव्हतीच. ताराबाईंनी 'हा तोतया आहे' असं जाहीर केलं आणि सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या. अशा वेळी परसोजी भोसले आपलं पथक घेऊन शाहूंना मिळाले, त्यांच्या ताटात जेवले. एका ताटात जेवणं म्हणजे 'हे खरे छत्रपती' अशी साक्षच. शाहूंनी त्यांना 'सेनासाहेबसुभा' हा किताब दिला.

ताराबाईंनी पाठवलेल्या फौजेत सेनापती धनाजी जाधव आणि प्रतिनिधी परशुराम त्रिंबक होते. गाठ पडली भीमेकाठी खेड-कडूसला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरच्या परिसरात, १२ ऑक्टोबर १७०७ रोजी. धनाजींनीही दूधभाताची शपथ घेतली होती. पण शाहू खरे असल्याची त्यांची खात्री पटली होती, आणि बोलणी जुळवण्यात पुढे पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांचा हात होता. लढाईत धनाजी शाहूंकडे गेले. परशुरामपंत एकटे पडले आणि साताऱ्याकडे हटले. मग साताराही शाहूंकडे आला आणि १२ जानेवारी १७०८ ला तिथे राज्याभिषेक झाला.

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. खेडला सकाळी उभे राहिले तेव्हा धनाजी शाहूंचे नव्हतेच. 'एकनिष्ठ' हे विशेषण तिथे चुकीचंच आहे. आणि 'शिलेदार' म्हणून त्यांचा हुद्दा खाली येतो. ते सेनापती होते, त्यांच्या हाताखाली शिलेदारांची पथकं होती.

दुसरा वाचक

मग 'पक्षाचे निष्ठावान शिलेदार' असं रोज वर्तमानपत्रात येतं ते चूकच म्हणायचं का?

प्रतिसाद

आजच्या अर्थाने चूक नाही. शब्द पुढे सरकतात, 'शिलेदार' म्हणजे बिनीचा, भरवशाचा साथीदार हा अर्थ आता पक्का झालाय. आजच्या बातमीत तो खुशाल वापरावा. पण अठराव्या शतकावरच्या लेखात हा अर्थ घुसला की चित्र उलटं होतं. त्या यादवीत पारडं फिरत होतं ते पथकं या बाजूची त्या बाजूला जात होती म्हणून. स्वतःचा घोडा असलेला माणूस पागेला बांधलेला नव्हता. त्याला लोभी म्हणण्याआधी हेही बघावं की लढाईत घोडा मेला तर त्या घराची कमाईच मेली. एवढी जोखीम उचलणारा माणूस कुणासाठी उचलायची हे स्वतः ठरवणारच.

धनाजींच्याच घरचं बघा. १७०८ मध्ये ते वारले. मुलगा चंद्रसेन शाहूंचा सेनापती झाला. १७११ मध्ये शिकारीतल्या एका हरणावरून त्याचं बाळाजी विश्वनाथांशी बिनसलं. हरीण निमित्त, सल जुना होता. बाळाजींना जीव वाचवायला पांडवगडाचा आसरा घ्यावा लागला. शाहूंनी सरलष्कर हैबतराव निंबाळकरांना त्याच्यावर धाडलं, तेव्हा चंद्रसेन ताराबाईंकडे गेला आणि पुढे निजामाकडे. सेनापतीच फौज घेऊन निघून गेल्यावर शाहूंनी बाळाजींना नवी फौज उभारायला सांगून 'सेनाकर्ते' हा किताब दिला. सेनेचा पती गेला म्हणून सेना करणारा हवा होता. एका शब्दात त्या वर्षाची सगळी अडचण दिसते.

तिसरी वाचक

थोडं अवांतर. बंगालीत 'बर्गी' म्हणजे मराठे लुटारू, आणि तो शब्द तिथल्या अंगाईत आजही आहे. तो आपला 'बारगीर'च ना?

प्रतिसाद

हो, तोच. फारसीत 'बार' म्हणजे ओझं, बारगीर म्हणजे मुळात ओझं वाहणारं जनावर. मराठीत आल्यावर तो स्वार झाला आणि बंगालात दहशत झाला. १७४० च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा तिथे वर्षानुवर्षं जात होत्या. रघूजी परसोजींच्याच घराण्यातले, त्यांच्याकडेही तोच 'सेनासाहेबसुभा' किताब. बंगालातली गावं या स्वाऱ्यांत होरपळली होती, हे विसरून त्या शब्दाकडे नुसतं कौतुकाने बघू नये असं मला वाटतं.

प्रश्नकर्ती

खूप आभार. मुलूखगिरी आणि यादवी राहिलं.

प्रतिसाद

मुलूखगिरी ही परमुलखात: दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं, खंडणी वसूल करायची. खेड हे स्वराज्यातलंच. घरातल्या घरात मुलूखगिरी होत नाही. मोठा पल्ला असेल तर 'मोहीम', एका सरदाराने दुसऱ्यावर चालून जाणं असेल तर 'स्वारी', आणि इथे तर साधा 'लढाई' हाच शब्द पुरे.

'यादवी' महाभारताच्या मौसलपर्वातून आला. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांना मारून संपले, तेव्हापासून एकाच राज्यातल्या, एकाच कुळातल्या लोकांनी शस्त्र उचलणं म्हणजे यादवी. धनाजी-चंद्रसेन जाधव म्हणून 'यादवी' असं मी एका भाषणात ऐकलंय. जाधव आणि यादव यांचं नातं असलं तरी या शब्दाचा त्या घराण्याशी काही संबंध नाही. 'भाऊबंदकी' ही वाटणीची, बांधावरची, कोर्टात जाणारी. ताराबाई आणि शाहू हे काकू-पुतणे, म्हणजे भांडणाचं मूळ घरातच होतं. पण दोन्हीकडे छत्रपती, दोन्हीकडे सेनापती आणि मध्ये हजारो घोडी आल्यावर तो शब्द तोकडा पडतो. सगळीकडे 'यादवी' ठेवा.

चौथा वाचक

एक भर घालतो. जुन्या कागदांत बाजू बदलणाऱ्यासाठी दोन शब्द येतात. ज्यांना सोडून गेला ते म्हणतात 'फितूर झाला', ज्यांच्याकडे आला ते म्हणतात 'रुजू झाला'. आज आपण नोकरीवर रुजू होतो, तो हाच शब्द. धनाजींसाठी कोणता वापरायचा हे लेखक कुठल्या बाजूने लिहितोय यावर ठरेल.

प्रश्नकर्ती

लेखकाशी फोनवर बोलले. त्यांना पटलं. वाक्य आता असं जातंय: 'खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव आपल्या पथकांसह शाहू महाराजांकडे रुजू झाले, आणि यादवीचं पारडं फिरलं.'